दोन तारा आणि जमीन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील ‘माझं काम’ या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर एक अट घातली आहे. आपल्या कामातली एकच गोष्ट सांगायची, पण ती इथल्या प्रत्येकाला कळली पाहिजे. माझ्या आधी बोललेल्या डॉक्टर मैत्रिणीला ते सोपं होतं, कारण पोटदुखी सगळ्यांच्या ओळखीची असते. माझं काम तसं नाही. नातेवाइकांत मी ‘कॉम्प्युटरवाली’ आहे. कुणाच्याही घरचा प्रिंटर रुसला की हाक मला येते. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. कारखान्यातल्या यंत्रांवरून तापमान, दाब, वजन असे आकडे गोळा करून ते पडद्यावर दाखवायचे, साठवायचे, काही बिघडलं तर घंटा वाजवायची, अशी सॉफ्टवेअर्स मी गेली वीस-बावीस वर्षं लिहिते आहे.

आज मी सॉफ्टवेअरबद्दल फारसं बोलणार नाही. बोलणार आहे ते रुपया-दोन रुपयांच्या एका सुट्या भागाबद्दल. त्याला आपण रेझिस्टर म्हणतो. आपल्या पुस्तकात ‘रोध’ हा शब्द होता. हा रोध जागेवर नव्हता म्हणून एका माणसाच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला गेला, ती हकीकत मला सांगायची आहे. पण त्याआधी थोडं विज्ञान लागेल. घाबरू नका, वही काढायला सांगणार नाही.

आपण मराठी माध्यमात शिकलो याचा मला एका शब्दापुरता फार फायदा झाला. तो शब्द म्हणजे ‘विभवांतर’. इंजिनिअरिंगला गेल्यावर सगळे ‘व्होल्टेज’ म्हणायला लागले आणि व्होल्टेज हा जणू तारेत भरलेला एखादा पदार्थ आहे असं वाटायला लागलं. ‘या तारेत किती व्होल्टेज आहे?’ असं आपण सर्रास विचारतो. विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेला शब्द मात्र सरळ सांगतो की हे अंतर आहे, दोन विभवांमधलं. आणि अंतर म्हटलं की ‘कुठून कुठपर्यंत?’ हे विचारावंच लागतं. म्हणून तर व्होल्टमीटरला दोन तारा असतात. विजेच्या उघड्या तारेवर चिमणी मजेत बसते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन पायांमधलं अंतर जवळजवळ शून्य, मग तारेत आणि जमिनीत हजारो व्होल्टचा फरक का असेना.

आता कारखान्यात तापमान कसं मोजतात ते पाहू. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं, तर दुसऱ्या बाजूच्या दोन मोकळ्या टोकांमध्ये थोडंसं विभवांतर तयार होतं. या जोडीला थर्मोकपल म्हणतात. ‘थोडंसं’ म्हणजे किती? सगळ्यात जास्त वापरला जाणारा के प्रकार घेतला, तर एका अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. भट्टी १८० अंशांवर असेल तर दोन तारांमध्ये मिळतात जेमतेम ७.३ मिलिव्होल्ट. टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. हा संकेत त्याच्या दोनशेव्या भागाएवढा आहे.

हा एवढासा संकेत भट्टीपासून पन्नास-साठ मीटर लांबच्या पॅनेलपर्यंत न्यायचा. वाटेत मोटारी, वेल्डिंग, क्रेन, ट्यूबलाइट. या सगळ्यांमुळे तारांवर जो गोंगाट चढतो तो कधी कधी मूळ संकेताच्या शेकडो पट असतो. मग यातून आपले ७.३ मिलिव्होल्ट ओळखायचे कसे?

इथे ‘डिफरन्शियल’ मोजणी उपयोगी पडते. दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन शेजारी शेजारी नेल्या, तर बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच चढतो. पॅनेलमधला अॅम्प्लिफायर धन तारेतून ऋण तार वजा करतो. दोघींवर जे सारखं आहे ते वजाबाकीत उडून जातं, आणि जो फरक आहे तोच उरतो. लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या दोन भावांच्या उंचीतला फरक मोजण्यासारखं हे आहे. लिफ्ट पहिल्या मजल्यावर असो की सातव्या, फरक तेवढाच येतो. चांगला अॅम्प्लिफायर दोघींवरचा सारखा भाग एक लाख पटीने दाबून टाकतो. आमच्या भाषेत १०० डेसिबल.

हे ऐकल्यावर कुणालाही वाटेल की मग जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा, संबंधच संपला. फरकच मोजायचा आहे ना? दोन तारा जोडा आणि मोजा. इथेच बरेच लोक फसतात, आणि त्यात चांगले शिकलेले लोकही असतात.

दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली गोष्ट अशी, की अॅम्प्लिफायरची लिफ्ट अमर्याद उंच जात नाही. आम्ही वापरतो त्या कार्डांमध्ये प्रत्येक तार कार्डाच्या जमिनीपासून साधारण १० ते ११ व्होल्टच्या आत असावी लागते. त्यापलीकडे गेली की वजाबाकी कोलमडते आणि पडद्यावर काहीही आकडा येतो. दुसरी गोष्ट, अॅम्प्लिफायरला मोजण्यासाठी दोन्ही तारांमधून अगदी सूक्ष्म प्रवाह लागतो. त्याला बायस करंट म्हणतात. तो एक नॅनोअँपिअरच्या, म्हणजे अँपिअरच्या एक अब्जाव्या भागाच्या आसपास असू शकतो. इतका कमी की आपण तो शून्य धरून चालतो. पण तो शून्य नसतो, आणि त्याला परत जायला वाट लागते.

वाट नसेल तर काय होतं? समजा, थर्मोकपलची दोन्ही टोकं जमिनीपासून पूर्ण तुटलेली आहेत. तारेचं आवरण उत्तम आहे, कोरडं आहे, त्याचा रोध १० अब्ज ओहम आहे. बायस करंटला तिथूनच गळत जावं लागेल. आता आपल्या सातवी-आठवीतला ओहमचा नियम लावा. एक नॅनोअँपिअर गुणिले १० अब्ज ओहम बरोबर १० व्होल्ट. म्हणजे एवढासा प्रवाह दोन्ही तारांना हळूहळू वर ढकलत लिफ्टच्या छताला नेऊन लावतो. तारांमधला फरक अजूनही ७.३ मिलिव्होल्टच आहे, भट्टीही बरोबर तापली आहे, पण मोजणाऱ्याला तो फरक दिसेनासा होतो. याला आम्ही संकेत ‘तरंगतो’ आहे असं म्हणतो.

तरंगणं म्हणजे काय हे तुमच्यापैकी अनेकांनी बोटांनी अनुभवलंय. धातूच्या अंगाचा लॅपटॉप दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चार्ज होत असताना त्यावरून हलकेच हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं. टेस्टर लावला तर कधी कधी मंद पेटतोही. लॅपटॉपचं अंग जमिनीला जोडलेलं नसतं. अॅडॉप्टरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून अगदी थोडी वीज तिथपर्यंत पोचते आणि ते अंग अधांतरी कुठेतरी लोंबकळत राहतं. प्रवाह अगदी कमी म्हणून इजा होत नाही. (खरा झटका बसत असेल तर मात्र ते अॅडॉप्टर लगेच काढून टाका, ती वेगळी गोष्ट आहे.)

उपाय साधा आहे. ऋण तारेपासून कार्डाच्या जमिनीपर्यंत एक मोठा रोध जोडायचा. समजा, १० लाख ओहमचा, ज्याला आम्ही एक मेगओहम म्हणतो. आता दोन्ही तारांचा मिळून दोन नॅनोअँपिअर प्रवाह त्यातून निवांत जमिनीत उतरतो. दोन्ही तारा जमिनीपासून फक्त २ मिलिव्होल्ट वर राहतात, आणि दोघी सारख्याच वर असल्याने तेही वजाबाकीत उडून जातं. या रोधाला बायस रेझिस्टर म्हणतात.

आपल्यातले जे कोकणातले आहेत त्यांना मी एवढंच सांगेन की हा रोध म्हणजे होडीचा सैल दोर. दोर नसेल तर ओहोटीबरोबर होडी निघून जाते. आखूड, ताठ बांधली तर प्रत्येक लाटेला हिसका बसतो. दोर थोडा सैल ठेवला की होडी लाटेबरोबर वरखाली होते, पण धक्क्याजवळच राहते.

आता ती हकीकत सांगते. कारखान्याचं नाव घेत नाही. आपल्याच राज्यातलं एक औद्योगिक क्षेत्र, आणि तिथे गिअर बनवणारा एक कारखाना. लोहार कोयत्याला पाणी देतो ते आपण लहानपणी पाहिलंय. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज येतो आणि लोखंड कडक होतं. गिअरलाही तसंच तापवून तेलात बुडवतात. पण असा गिअर कडक होतो तसाच ठिसूळही होतो. म्हणून तो पुन्हा दुसऱ्या भट्टीत, साधारण १८० अंशांवर, दोनेक तास ठेवतात. याला टेंपरिंग म्हणतात. तापमान कमी पडलं तर ठिसूळपणा राहतो, जास्त झालं तर कडकपणा उतरतो. गिअर गाडीत बसणार असतो, त्यामुळे प्रत्येक घाणीच्या तापमानाची नोंद ठेवावी लागते.

ही नोंद दोन जागी होत होती. भट्टीच्या पॅनेलवर स्वतःचा मीटर होता, त्याचं थर्मोकपल वेगळं. भट्टीवरचा माणूस दर अर्ध्या तासाने तो मीटर वाचून रजिस्टरमध्ये हाताने लिहायचा. दुसरी नोंद संगणकाची. त्यासाठी भट्टीत आठ ठिकाणी वेगळी थर्मोकपल बसवली होती आणि त्यांच्या तारा आमचं सॉफ्टवेअर चालायचं त्या संगणकाच्या मोजणी कार्डाला जोडल्या होत्या. जोडणी एका तिसऱ्याच पुरवठादाराने केली होती.

वार्षिक देखभालीनंतर दोन्ही नोंदी जुळेनाशा झाल्या. रजिस्टरमध्ये १७९, १८०, १८१. संगणकावर कधी १९५, कधी १६०, मध्येच तासभर बरोबर, तर मध्येच भलताच आकडा. रात्रपाळीला फरक जास्त दिसायचा. रात्रपाळीला जे काका असायचे, त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. वरच्यांनी निष्कर्ष काढला की संगणक खोटं बोलत नाही, म्हणजे काका भट्टीकडे न फिरकता बसल्या जागी १८० लिहीत असणार. त्यांना ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाली.

त्याच सुमारास आमच्याकडे निरोप आला. त्यात काकांचा उल्लेखही नव्हता. मागणी एवढीच होती की ‘आलेख फार थरथरतो, सॉफ्टवेअरमध्ये सरासरी घेऊन तो गुळगुळीत करून द्या, ऑडिट आहे.’ हे काम अर्ध्या तासाचं होतं. पण सरासरी कधी घ्यायची याला नियम आहे. आकडा खऱ्या किमतीच्या दोन्ही बाजूंना सारखा हेलकावत असेल तर सरासरीने तो सुधारतो. आकडा एका बाजूला वाहत चालला असेल तर सरासरीही त्याच्याबरोबर वाहते, फक्त दिसायला नीटनेटकी होते. आलेख पाहिल्यावर हे हेलकावणं वाटेना, वाहणं वाटलं. म्हणून मी म्हटलं, आधी भट्टी बघू द्या.

मी गेले तेव्हा कारखान्यातले एक वायरमन सोबत होते. शिक्षण आयटीआयचं, पण हात असे की तारेला स्पर्श केला की तिचा इतिहास सांगतील. काकाही पाळी संपल्यावर थांबले. आम्ही पॅनेल उघडलं. वायरमननी मल्टिमीटरची एक पिन ऋण तारेला आणि दुसरी पॅनेलच्या जमिनीला लावली. त्या क्षणी पडद्यावरचा आकडा १९३ वरून खाली आला आणि १८० वर येऊन थांबला. पिन काढली, आकडा पुन्हा हळूहळू चढायला लागला. लावली, पुन्हा १८०. काका म्हणाले, “ताई, हे मीटर काय औषध देतंय का त्याला?”

काका अगदी बरोबर बोलले होते. साध्या डिजिटल मल्टिमीटरच्या आत दोन पिनांमध्ये साधारण १ कोटी ओहमचा रोध असतो. आम्ही मोजायला म्हणून पिना लावत होतो आणि नकळत बायस करंटला वाट करून देत होतो. तारा अधांतरी होत्या, एवढं त्यावरून कळलं.

पण मग देखभालीच्या आधी सगळं ठीक कसं चालत होतं? स्टोअरच्या नोंदी पाहिल्यावर उलगडा झाला. थर्मोकपल दोन तऱ्हेने बनवतात. एकात तारांचं जोडलेलं टोक बाहेरच्या धातूच्या नळीलाच वेल्ड केलेलं असतं, म्हणजे ते भट्टीच्या अंगामार्फत जमिनीला आपोआप जोडलं जातं. दुसऱ्यात टोक नळीपासून अलग ठेवलेलं असतं. जुनी थर्मोकपल पहिल्या जातीची होती. देखभालीत दुसऱ्या जातीची बसवली गेली, आणि तो निर्णय विचार करून घेतलेला होता, कारण अलग टोकामुळे भट्टीतला विजेचा गोंगाट तारांवर कमी येतो. मात्र जुन्या थर्मोकपलबरोबर जमिनीची वाटही निघून गेली. ती वाट होती हे कुणीच कुठे लिहून ठेवलं नव्हतं, कारण ती कुणी मुद्दाम केलीच नव्हती.

बाकीचंही मग जुळत गेलं. दमट हवेत टर्मिनलपट्टीवर ओल धरते, त्या ओलीतून थोडी गळती होते, आणि आकडा तात्पुरता सुधारतो. हवा कोरडी झाली की तो पुन्हा वाहतो. काका सांगत होते की पाऊस पडला त्या रात्री संगणक त्यांच्याशी सहमत असायचा. हे त्यांनी नोटिशीच्या उत्तरातही लिहिलं होतं. वाचणाऱ्याला ती थट्टा वाटली.

आठ तारांना आठ रेझिस्टर लावले. सगळ्यांची मिळून किंमत एका वडापावपेक्षा कमी. त्यानंतर आठवडाभर दोन्ही नोंदींत एक-दोन अंशांपलीकडे फरक आला नाही. मी एक पानाचा अहवाल लिहिला. त्यात रेझिस्टर लावण्याआधीचा आणि नंतरचा आलेख दिला, आणि मल्टिमीटर लावल्या-काढल्याची वेळ त्यावर मुद्दाम खुणेने दाखवली. वादातल्या रात्रींचे गिअर कारखान्याने पुन्हा तपासले. त्यांचा कडकपणा १८० अंशांना यायला हवा तसाच होता. नोटीस मागे घेतली गेली. माफी कुणी मागितली नाही. काकांनी माझ्याकडे त्या आलेखाची एक प्रत मागितली. घरी दाखवायची आहे, म्हणाले.

यात कुणी मुद्दाम वाईट वागलं असं मला वाटत नाही. थर्मोकपल बदलणाऱ्याने आपलं काम नीट केलं. जोडणी त्या वेळच्या थर्मोकपलला चालत होती. कार्डाच्या माहितीपुस्तकात रेझिस्टरबद्दल स्पष्ट लिहिलेलं होतं, पण ते पुस्तक कपाटात होतं. प्रत्येक जण आपापल्या टोकाला बरोबर होता आणि दोन टोकांच्या मधलं कुणी पाहत नव्हतं. ज्या एका माणसाने आपण काय पाहिलं ते रोज प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, त्यालाच जाब विचारला गेला, कारण त्याचं लिखाण हाताचं होतं आणि समोरचं पडद्यावरचं.

इथे आपल्यापैकी काही जण कारखान्यात आहेत, काहींची स्वतःची वर्कशॉप आहेत. त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते, बाकीच्यांनी दोन मिनिटं चहाचा विचार करावा.

पहिला प्रश्न नेहमी हा विचारा: ज्याचं मोजायचं आहे ते जमिनीला आधीच जोडलेलं आहे का? असेल तर डिफरन्शियल जोडणी करा आणि आपल्या बाजूने पुन्हा जमीन जोडू नका. दोन ठिकाणच्या जमिनी सारख्या नसतात. भट्टीजवळच्या आणि पॅनेलजवळच्या जमिनीत व्होल्टभर फरक सहज असू शकतो. दोन्हीकडे जोडलं की तो फरक आपल्याच तारेतून प्रवाह वाहवतो आणि त्याची चूक मोजणीत मिसळते.

संकेत तरंगता असेल आणि त्याचा स्वतःचा रोध कमी असेल, जसा थर्मोकपलचा किंवा बॅटरीचा, तर ऋण तारेपासून जमिनीपर्यंत एक रोध पुरतो. सरळ तार जोडली तरी आकडा येतो, मग रोध कशाला? दोन कारणं आहेत. एक, ऋण तार थेट जमिनीला बांधली की बाहेरचा गोंगाट फक्त धन तारेवर उरतो आणि वजाबाकीत उडत नाही. दुसरं, थर्मोकपल जुनं होऊन आतून नळीला टेकलं तर? समजा दोन जमिनींत १ व्होल्टचा फरक आहे आणि ऋण तारेचा रोध १० ओहम. मधे १ लाख ओहम असेल तर १० मायक्रोअँपिअर वाहतील आणि तारेत ०.१ मिलिव्होल्ट पडेल, म्हणजे अडीच अंशांची चूक. मधे १० लाख ओहम असेल तर पाव अंश. सरळ तार असेल तर आकड्याला काही अर्थच उरणार नाही.

संकेताचा स्वतःचा रोध जास्त असेल, तर धन आणि ऋण दोन्ही तारांपासून जमिनीला सारखे दोन रोध लावा, म्हणजे समतोल राहतो. संकेत कपॅसिटरमधून येत असेल तरी धन तारेला स्वतःचा रोध हवाच, कारण कपॅसिटर तिची वाट तोडतो. मात्र हे रोध संकेतावर ओझंही टाकतात. संकेताचा रोध २ हजार ओहम आणि आपले दोन रोध लाख-लाख ओहमचे असतील, तर आकडा जवळपास एक टक्का कमी येतो. तो हिशेबात धरा किंवा मोठे रोध घ्या.

चहाचा विचार करणाऱ्यांनो, परत या. हे सगळं फक्त भट्ट्यांपुरतं नाही. आपण सगळे आता अशा वयात आहोत की बहुतेकांचा एकदा तरी ईसीजी निघालेला असेल. हृदयाचा संकेत त्वचेवर साधारण एक मिलिव्होल्टचा असतो, आणि आपलं शरीर खोलीतल्या विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा गोंगाट अँटेनासारखा पकडत असतं. म्हणून तिथेही फरकच मोजतात. पहिल्या लीडमध्ये डावा हात वजा उजवा हात. ही लीडची पद्धत ज्यांनी घालून दिली त्या नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोव्हेन यांना १९२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण तंत्रज्ञ एक चिमटा उजव्या पायालाही लावतात. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत त्याची तार काळी असते. त्या पायाचं स्वतःचं कुठलंही माप आलेखावर येत नाही. त्याचं काम एवढंच की शरीर यंत्राच्या तुलनेत अधांतरी राहू नये. आधुनिक यंत्रं तर दोन्ही हातांवरचा सारखा गोंगाट उलटा करून, मोठ्या रोधामार्फत, त्याच पायातून शरीराला परत देतात आणि गोंगाट आणखी दाबतात. पुढच्या वेळी तो काळा चिमटा नीट बसलाय ना, एवढं बघा.

आता माझा समारोप. ‘शाळा म्हणजे आपलं अर्थिंग’ असं म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या, पण गणिताचे सर समोर बसलेत आणि पुरावा मागतील. त्यापेक्षा एक कामाचं बोलते. आपल्या तुकडीने वर्गणी काढून शाळेला संगणक आणि प्रयोगशाळेचं साहित्य द्यायचं ठरवलं आहे. मला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत. संगणक येण्याआधी प्रयोगशाळेचं अर्थिंग एखाद्या परवानाधारक वायरमनकडून तपासून घेऊ, आणि तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कुणी कापली असेल तर ते प्लग बदलू. ते मुलांच्या जिवाच्या दृष्टीने आधी. दुसरं, प्रत्येक बाकावर एक साधा मल्टिमीटर आणि एक थर्मोकपल देऊ. एक अॅम्प्लिफायर आणि मूठभर रेझिस्टर मी आणते. गरम पाण्याच्या भांड्याचं तापमान मुलांनी काचेच्या तापमापीवर वाचायचं, वहीत लिहायचं, आणि मग पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहायचं. एकदा रेझिस्टर लावून, एकदा काढून. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कुणाचं खरं, हे त्यांनाच शोधू दे. त्या वेळी कुणी त्यांना म्हणू नये की पडद्यावरचंच बरोबर.

पुढच्या सत्रातला पहिला शनिवार मी त्यासाठी मोकळा ठेवते. आणखी दोघं-तिघं आले तर बरं होईल, पाणी तापवायला माणसं लागतील.